घराची आणि गल्लीची माहिती मागितली, उत्तर आलं "प्रश्नार्थक स्वरूपाची" – आता अपील की नवा अर्ज? (साखर पेठ, सोलापूर)

माग_बंद
30 जानेवारी, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण तोडून सांगितलं तर घोळ कळणार नाही.

साखर पेठेत आमचं आजोबांचं घर आहे. आजोबा जुन्या गिरणीत होते, पै पै करून त्यांनी ते बांधलं. आजोबा गेले, मग वडील गेले. कराचं बिल मात्र आजोबांच्याच नावाने येत राहिलं आणि आम्ही मुकाट भरत राहिलो. यंदाच्या बिलावर मालक म्हणून आजोबा आहेत आणि खाली भोगवटादाराच्या रकान्यात आमचे चुलत काका. काका मागच्या दोन खोल्यांत राहतात हे खरं आहे. पण नाव कधी लागलं, कोणी लावलं, कशावरून लावलं, आम्हाला पत्ता नाही. वर कर जवळपास दीडपट झालाय.

त्यात गल्लीतला सिमेंटचा रस्ता. दोन पावसाळे झाले नाहीत तोवर खडी वर आली. आई दोनदा घसरली.

म्हणून 29 डिसेंबरला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. काय लिहिलं ते जसंच्या तसं देतो:

"1) आमच्या घराचा कर कोणत्या कारणाने वाढवला? 2) भोगवटादार म्हणून दुसऱ्याचे नाव का लावले व हे योग्य आहे काय? 3) गल्लीतील रस्ता एवढ्या लवकर का उखडला? 4) जबाबदार अधिकाऱ्यावर कारवाई कधी करणार?"

आज टपालाने उत्तर हातात पडलं. त्यावर तारीख 27 जानेवारी, म्हणजे बरोबर 29वा दिवस. मजकूर दोन ओळींचा: "आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असून एकापेक्षा अधिक विषयांशी संबंधित आहे. सबब देता येत नाही." खाली सही-शिक्का.

कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कोणी विचारूही नका. मला भांडायचं नाही, कागद पाहिजे. अपिलात जाऊ की नवा अर्ज टाकू?

शेंगाचटणी
30 जानेवारी, रात्री 10:31

काय सांगलालाव मालक! 29व्या दिवशी आलं म्हणजे लवकरच आलं की. आमच्याकडं पाणी यायलाबी एवढा नेम नाही.

निवृत्त_टेबल
31 जानेवारी, सकाळी 7:05

आधी तुमची चूक सांगतो, मग त्यांची. राग मानू नका. माझी नोकरी सरकारी टेबलावरच गेली, शेवटची काही वर्षं जन माहिती अधिकारी म्हणून.

"का", "कधी", "योग्य आहे काय" हे शब्द अर्जात दिसले की तो निकाली काढणं फार सोपं जातं. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे आधीच असलेली वस्तू: अभिलेख, टिपणी, आदेश, अहवाल, नोंदवही, नमुना. साहेबांचा खुलासा किंवा मत त्यात बसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने 2008 मध्येच सांगितलंय की "का"चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात म्हटलं की जी माहिती दप्तरात नाही ती तयार करून द्यायला कार्यालय बांधील नाही. (त्याच निकालाने विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क दिला, हे मात्र कोणी सांगत नाही.)

तेव्हा प्रश्न विचारू नका, कागद मागा. आणि कागदाला त्याच्या नावाने हाक मारा.

रस्त्यासाठी असं लिहा: "अमुक घरापासून अमुक चौकापर्यंतच्या काँक्रीट रस्त्याच्या कामाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि निविदेतील दोष दायित्वाची अट." दोष दायित्व म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं. एवढे कागद आले की रस्ता का उखडला ते तुम्हीच आम्हाला सांगाल. मोजमाप पुस्तिकेला आम्ही एमबी म्हणायचो. तिच्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. रस्त्याची कड तुटली असेल तर सरळ फूटपट्टी लावा.

घरासाठी वेगळा अर्ज: "मिळकत क्रमांक अमुकच्या आकारणी नोंदवहीचा मागील 5 वर्षांचा उतारा, भोगवटादाराची नोंद ज्या अर्जावरून, पाहणी पत्रकावरून किंवा आदेशावरून झाली त्याची प्रत, करवाढीपूर्वी बजावलेली नोटीस आणि ती मिळाल्याची पोच." कालावधी जरूर टाका. "सुरुवातीपासून" लिहिलंत तर 1852 पासूनचं दप्तर काढायचं का, असं विचारतील. आपली नगरपालिका तेव्हापासूनची आहे, महापालिका 1964 ला झाली.

आता त्यांची चूक. एका अर्जात एक विषय आणि साधारण 150 शब्द, हा आपल्या राज्याचा नियम 2012 पासून आहे, ते बरोबर. पण त्याच नियमात पुढे असंही आहे की विषय जास्त असतील तर पहिल्या विषयाचं उत्तर द्यायचं आणि बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा असं सुचवायचं. सगळाच अर्ज टोपलीत टाकायची मुभा त्यात नाही.

वकीलीणबाई
31 जानेवारी, सकाळी 11:48

टेबलकाका, "का" विचारताच येत नाही हे मात्र पूर्ण खरं नाही. कलम 4(1)(घ) बघा. प्रशासकीय निर्णयाची कारणं त्या निर्णयाची झळ बसलेल्या माणसाला द्यायची, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. रस्ता का उखडला हे विचारणं वेगळं आणि माझा कर कोणत्या निर्णयाने वाढला, त्याची नोंदवलेली कारणं द्या, हे वेगळं. दुसऱ्या वाक्यात तुम्ही कागदच मागताय, फक्त कारणांचा.

माग_बंद, उत्तराच्या पत्रावर अपील कोणाकडे करायचं, किती दिवसांत, हे लिहिलंय का? कलम 7(8) प्रमाणे नकार देताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावाच लागतो. नसेल तर अपिलात तो पहिला मुद्दा.

अपील आणि नवा अर्ज दोन्ही करा, एकामुळे दुसरं अडत नाही. प्रथम अपील जोडपत्र ब मध्ये, 20 रुपयांचा स्टॅम्प, उत्तर हाती आल्यापासून 30 दिवसांत. ते अपिलीय अधिकाऱ्याने 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाली काढायचं. पुढे 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 हा दंड फक्त आयोग लावू शकतो. कार्यालयात जाऊन "दंड लावीन" म्हणू नका, हसतात. आयोगात तारीख लागायला किती काळ जातो हे माझ्या पक्षकारांना विचारा. म्हणून नीट लिहिलेला नवा अर्ज हाच जवळचा रस्ता.

आणि एक, हे सगळ्यांसाठीच: कराच्या बिलावर नाव म्हणजे मालकी नव्हे. मालकीसाठी नगर भूमापनचं प्रॉपर्टी कार्ड आणि मूळ खरेदीखत बघा. भोगवटादाराच्या रकान्यात नाव आलं म्हणून घर गेलं नाही. आईंना हे आजच सांगा.

माग_बंद
31 जानेवारी, रात्री 9:20

ताई, शेवटची ओळ आईला वाचून दाखवली. महिनाभरात पहिल्यांदा नीट जेवली.

पत्रावर अपिलाचा उल्लेख नाही. पण आता वेगळीच भीती वाटते. काकांच्या नावाची नोंद ज्या कागदावरून झाली तो मागितला तर काकांना कळेल का?

वकीलीणबाई
31 जानेवारी, रात्री 9:41

कळू शकतं. दुसऱ्या माणसाने गोपनीय म्हणून दिलेली माहिती असेल तर कलम 11 लागतं. अधिकारी 5 दिवसांत त्याला लेखी नोटीस देतो, त्याला म्हणणं मांडायला 10 दिवस मिळतात, आणि मग तुमची मुदत 30 ऐवजी 40 दिवस होते. काकांनी हरकत घेतली म्हणून माहिती आपोआप नाकारली जात नाही, निर्णय अधिकाऱ्याचाच. पण नोटीस घरी जाणार.

माग_बंद
31 जानेवारी, रात्री 9:55

म्हणजे लाल शिक्क्याचं पाकीट घेऊन पोस्टमन मागच्या खोलीत जाणार आणि काकू ते अंगणात उभं राहून वाचणार. परवा गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेत, आम्ही सगळे एकत्र होतो, भाग्यश्री बडेवाल्याकडं... नको. काकांना आधी विचारूनच टाकतो का?

शेंगाचटणी
31 जानेवारी, रात्री 10:02

इचारा की बे सरळ. काकाच हाय, कलेक्टर नाही.

सात_रस्ता
1 फेब्रुवारी, दुपारी 1:15

एवढं सोवळं कशाला? कायदा हातात आहे. काकांची फाईल मागा, शेजाऱ्यांचा कर मागा, गल्लीत कोणी किती मजले चढवलेत त्यांचे नकाशे मागा, सोबत जोडलेली आधार कार्डंसुद्धा मागा. पारदर्शकता म्हणजे पारदर्शकता. मी होटगी रोडच्या एका बिल्डिंगची अख्खी फाईल अशीच काढली होती.

निवृत्त_टेबल
1 फेब्रुवारी, दुपारी 3:30

अशाच अर्जांनी खऱ्या अर्जदाराचं नुकसान होतं, सात_रस्ता. माझ्या टेबलावर एक गृहस्थ महिन्याला पाच-पंचवीस अर्ज टाकायचे. ज्याची फाईल मागितली त्याच्याशी "जुळलं" की अपिलाच्या सुनावणीला यायचे नाहीत. मग आम्ही प्रत्येक अर्जाकडे त्याच नजरेने बघायला लागलो, हे कबूल करतो. चुकलंच आमचं. पण नजर कोणी बिघडवली?

वकीलीणबाई
1 फेब्रुवारी, सायंकाळी 6:10

सात_रस्ता, तुम्ही फाईल काढलीत तेव्हाचा कायदा वेगळा होता. वैयक्तिक माहिती नाकारायच्या कलमात, म्हणजे 8(1)(ञ) मध्ये, पूर्वी दोन कसोट्या होत्या: माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, आणि ती देण्याने खासगीपणावर विनाकारण घाला पडतो का. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा आधार होता. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे सगळं काढून "वैयक्तिक माहिती" एवढेच शब्द ठेवले, आणि नोव्हेंबर 2025 पासून ते लागू झालंय. आता शिल्लक राहिलंय ते 8(2): लोकहित जास्त मोठं असेल तर सवलत असूनही माहिती देता येते. पण ते लोकहित अर्जदाराने दाखवावं लागतं. मला हा बदल मुळीच आवडलेला नाही. आधीच्या तरतुदीत आधार कार्ड मागणाऱ्याला नाही म्हणायची पुरेशी सोय होती.

तुम्हा सगळ्यांना उपयोगी पडेल असं एवढंच: ज्यात दुसऱ्याचा मोबाईल, आधार, सही, बँक खातं आहे ते स्वतःच अर्जात सोडून द्या. "वैयक्तिक तपशील झाकून प्रत द्यावी, कलम 10 प्रमाणे" असं लिहा. अख्खी फाईल नाकारायचं निमित्त निघून जातं. बांधकाम परवाने कोणाला दिले याची यादी तर 4(1)(ख) च्या 17 बाबींत येते. ती कार्यालयाने कोणी न मागता जाहीर करायची असते. कार्यादेश, देयक, एमबी हे सार्वजनिक पैशाचे कागद आहेत. त्यावर ठेकेदाराचं नाव आहे म्हणून ते "वैयक्तिक" होत नाहीत, तसं उत्तर आलं तर अपील करायलाच हवं.

आणि स्वतःची माहिती स्वतः मागताना 8(1)(ञ) आड येत नाही. फक्त तुम्ही तेच आहात हे कार्यालयाला कळायला ओळखपत्राची प्रत जोडा. घरासाठी वारस म्हणून मागताय तर वडिलांचा मृत्यू दाखलाही.

पूर्वभाग
1 फेब्रुवारी, रात्री 8:44

माझ्या सासूबाई विडी कामगार. त्यांना तेलुगू वाचता येतं, मराठी बोलतात पण लिहिता येत नाही. बंद केलेल्या नळाची थकबाकी त्यांच्या नावावर निघाली होती. मी म्हटलं अर्ज मी लिहिते. त्या म्हणाल्या, माझा नळ, मीच बोलणार. कलम 6(1) मध्ये आहे की ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला अधिकाऱ्याने मदत करायची. ते पान छापून नेलं. टेबलावरच्या मुलाने आधी पानाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, आणि बसून लिहून घेतलं. खाली अंगठा. नळ तोडल्याचा शेरा 22 दिवसांत मिळाला. थकबाकी रद्द व्हायला अजून चार महिने गेले, पण तो कागद होता म्हणून झाली.

बाळेकर
2 फेब्रुवारी, सकाळी 8:20

विषय थोडा बाजूला आहे, तरी विचारतो. आईच्या जन्माची नोंद पाहिजे. जन्म 1958, गाव बाळे. तेव्हा बाळे शहरात नव्हतं, 1992 च्या हद्दवाढीत आलं. इथे म्हणतात आमच्याकडे जुनं दप्तर नाही, तिथे म्हणतात सगळं तिकडे दिलं. माहिती अधिकार टाकू का?

निवृत्त_टेबल
2 फेब्रुवारी, सकाळी 9:02

लगेच नको. जन्म-मृत्यूची नोंद ही 1969 च्या कायद्याखालची सेवा आहे. निबंधकाकडे शोध घेण्याचा अर्ज देऊन उतारा मागायचा, त्याला माहिती अधिकार लागत नाही. शिवाय 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखले त्यात येतात, मुदत ठरलेली असते, चुकली तर त्याच कार्यालयात वरच्याकडे अपील. माहिती अधिकार ठेवा पुढच्या पायरीला: "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत." असा अर्ज गेला की मूळ अर्जाला पाय फुटतात.

आणि तुमची नोंद बहुधा या दोन्ही ठिकाणी नसेल. त्या काळी गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात होत. ती बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. कुणबी नोंदी शोधताना 2023 मध्ये राज्यभर तीच बुकं बाहेर काढली होती, त्यामुळे आता निदान कुठल्या कपाटात आहेत हे तरी माहीत असतं. तिथे "नकलेचा अर्ज" द्या.

एक सांगून ठेवतो: नोंदीत आईचं नाव नसण्याची शक्यता मोठी. बापाचं नाव, जात, "मुलगी" आणि तारीख, एवढंच असतं.

बाळेकर
2 फेब्रुवारी, सकाळी 9:10

काका, आणि दप्तर "सापडत नाही" म्हणाले तर?

निवृत्त_टेबल
2 फेब्रुवारी, सकाळी 9:37

"सापडत नाही" हे कायद्यातलं कारण नाही. दप्तराचे वर्ग असतात: अ कायमचं, ब 30 वर्षं, क 10, क-1 5 वर्षं, ड 1 वर्ष. मुदत संपून नष्ट केलं असेल तर नष्ट केल्याची यादी असते, ती मागा. यादीही नाही आणि कागदही नाही, तर मग कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. 2005 चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा नेमका त्यासाठीच आहे. आवाज न चढवता त्याचं नाव घ्या. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी "सापडलं" असा फोन येतो.

सात_रस्ता
2 फेब्रुवारी, दुपारी 12:25

शिव्या खाल्ल्या, आता कामाचं सांगतो. आजच सोमवार आहे. 26 नोव्हेंबर 2018 चं सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक आहे: जिल्हा पातळीवरची आणि त्याखालची कार्यालयं, महापालिका, जिल्हा परिषदा, सगळीकडे दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे. सोमवारी सुट्टी आली तर त्या आठवड्यातल्या पुढच्या कामाच्या दिवशी. अर्ज, स्टॅम्प, 30 दिवस, काही नाही. पुणे महापालिकेत आधी सुरू झालं होतं, मग राज्यभर आणलं.

माग_बंद, आधी फाईल बघा, लागतील त्या पानांवर खुणा करा, मग तेवढीच पानं मागा. पानाला 2 रुपये. मी होटगी रोडच्या फाईलची सगळी पानं मागून 1,100 पानांचं शुल्काचं पत्र घेऊन बसलो होतो, त्यातली 9 कामाची निघाली. आणि लक्षात ठेवा, शुल्काचं पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. पैसे भरायला उशीर केला की मुदत तुमच्यामुळेच लांबते. 30 दिवसांत काहीच कळवलं नाही तर मात्र माहिती फुकट द्यावी लागते.

परिपत्रकाची प्रत खिशात ठेवा. निम्म्या लोकांना ते माहीत नसतं, उरलेल्यांना आठवत नसतं.

माग_बंद
16 फेब्रुवारी, रात्री 9:30

मंडळी, गेले दोन सोमवार कामी आले. बैजवार सांगतो.

9 तारखेला 3 वाजून 5 मिनिटांनी हजर. "आज साहेब मीटिंगला." परिपत्रक दाखवलं. एका बाईंनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि "बसा" म्हणाल्या. रस्त्याची फाईल आली, पांढऱ्या फितीने बांधलेली, वरच्या पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचा गोल. एमबीच्या पानावर जाडी 15 सेंटीमीटर. मी घरून तुटलेल्या कडेला फूटपट्टी लावून फोटो काढून नेले होते: चार ठिकाणी 9 ते 10. बाईंना दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण पानाचा क्रमांक त्यांनी स्वतःहून मला लिहून दिला.

पूर्णत्वाच्या दाखल्याची तारीख आणि निविदेतली दोष दायित्वाची अट शेजारी ठेवली तर मुदत अजून संपलेली नाही. म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची आहे. एकूण 6 पानं मागितली, 12 रुपये. त्यावर "दोष दायित्व कालावधीत दुरुस्ती करून घ्यावी" असा साधा अर्ज आवकला टाकून पोच घेतली. टेबलकाका, तुम्ही म्हणालात तसंच झालं, रस्ता का उखडला हे आता मीच सांगू शकतो.

आज घराचं बघितलं. आणि इथे माझंच तोंड पडलं. काकांनी कुठलाही अर्ज केलेला नाही. घरोघरी मोजणीला माणसं आली होती त्या दिवशी आम्ही पंढरपूरला होतो, काका घरी होते. पाहणी पत्रकावर "हजर व्यक्ती" म्हणून त्यांची सही घेतली, आणि तेच नाव पुढे भोगवटादाराच्या रकान्यात गेलं. मोजणीत मागच्या दोन खोल्या आणि पत्र्याची शेड पहिल्यांदाच धरली, म्हणून क्षेत्र वाढलं, म्हणून कर. नोटीस आली होती. पोच म्हणून सही कोणाची? आईची. तिने ती देव्हाऱ्याच्या खालच्या खणात इतर बिलांसोबत ठेवली होती.

संध्याकाळी काकांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मोजायला आलेल्या पोराला मी चहा पाजला, त्यानं सही मागितली, मी केली. मला काय ठाऊक त्याचं एवढं होईल." काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली.

शेंगाचटणी
16 फेब्रुवारी, रात्री 9:41

माझं नाव निघालं, धागा सार्थकी लागला.

वकीलीणबाई
16 फेब्रुवारी, रात्री 10:15

मग कलम 11 ची नोटीस टळली. पाहणी पत्रक आणि आकारणीच्या पानाची प्रमाणित प्रत मात्र अर्ज करून घ्याच, डोळ्यांनी पाहिलेलं पुढे कामाला येत नाही. शेड कायम बांधकाम म्हणून धरली असेल तर त्यावर फेरतपासणीचा अर्ज वेगळा द्या. आणि आता वारसांची नावं लावून घ्या, आजोबांच्या नावाने अजून किती वर्षं भरणार? प्रॉपर्टी कार्ड काढलंत का?

माग_बंद
17 फेब्रुवारी, सकाळी 8:05

काढलं, आजोबांचंच नाव आहे. जागेचं खरेदीखत आईच्या ट्रंकेत मिळालं, 1941 चं. पण अख्खं मोडीत. इथे मोडी वाचणारं कोणी आहे का? फोटो टाकतो.

निवृत्त_टेबल
17 फेब्रुवारी, सकाळी 8:11

मी वाचतो, हळूहळू. पण फोटो इथे टाकू नका. त्यात लिहून देणाऱ्याचं, साक्षीदारांचं, चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांचं, सगळ्यांची नावं असणार. त्यांची नातवंडं अजून त्याच गल्लीत राहत असतील. मला व्यनि (खासगी निरोप) करा.

माग_बंद
17 फेब्रुवारी, सकाळी 8:14

केला.